जुना सर्व्हर जेवून झोपला

पाच-सहा पोरं, एक अंगण आणि दोन खडू एवढ्या सामानात शिकवता येणार नाही अशी गोष्ट जगात नाही! मी हे उगाच म्हणत नाही. सारी नोकरी मी पहिलीच्या वर्गावर काढली. निवृत्त झाले तरी आमच्या कोंढा गावात संध्याकाळ झाली की पोरं माझ्या अंगणात जमतातच. एकदा ग्रहण शिकवताना मी भाकरीला सूर्य केलं होतं. ऐन रंगात आल्यावर सूर्य कुत्र्याने पळवला, पण खग्रास म्हणजे काय ते पोरं आजही विसरलेली नाहीत!

तेव्हा माझी पुतणी सरिता दिवाळीनंतर जवाहरनगरहून तोंड पाडून आली, तरी मी जराही घाबरले नाही.

सरिता माझ्या दिराची, धर्मेंद्रची मुलगी. संगणक शिकलेली. नागपूरच्या एका कंपनीने तिला सांगितलं होतं, सर्व्हर सांभाळायचं प्रमाणपत्र घेऊन या, होळीपर्यंत जागा राखून ठेवतो. पोरगी अभ्यासाला लागली, निम्मे पेपर पास झाली, आणि तेवढ्यात सर्व्हर बनवणाऱ्यांनी नवा सर्व्हर बाजारात आणला! त्याची पुस्तकं वेगळी, परीक्षाही वेगळ्या.

"मोठीआई, मले काहीच समजून नाही राहिलं," ती म्हणाली. "जुन्याचे उरलेले पेपर देऊ, का ते सोडून नव्याचा अभ्यास धरू? होळीपर्यंत दोन्हीपैकी एकच होते. चुकली तर जागा गेली!"

"बाबा काय म्हणते तुझा?"

"बाबा म्हणते, नवीन गाडी आल्यावर जुनीले कोण विचारते? क्लासचे सर म्हणतात, अर्ध्यावर सोडू नको. मैत्रीण म्हणते, दोन्ही सोड अन् लग्न कर!"

"थांब. आधी मले सांग, हा सर्व्हर करते तरी काय?"

"साऱ्यांच्या वस्तू एका जागी सांभाळते. ज्याले जे पायजे ते मागते, अन् तो देते."

"एवढंच? अवं पोरी, हे तर आपल्या घरी तुझे मोठेबाबा करतात!"

मोठेबाबा म्हणजे माझे यजमान, यादोराव. जवाहरनगरच्या फॅक्टरीत त्यांनी आयुष्यभर स्टोअर सांभाळलं. घरी बसले तरी स्टोअर सुटलं नाही. हातोडी, टॉर्च, सुतळी, कात्री सारं एका पत्र्याच्या पेटीत, पेटीला कुलूप, आणि किल्ली बंडीच्या खिशात. सुई मागितली तरी आधी 'कशाला हवी?' अशी चौकशी होते, मग सुई मिळते. तोवर फाटलेलं आणखी फाटतं!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी अंगणात सर्व्हरचा पाठ लावला. एका बाजूला जुना सर्व्हर, म्हणजे यादोराव आणि त्यांची पेटी. दुसऱ्या बाजूला नवा सर्व्हर, म्हणजे शेजारच्या गिरजाबाईची नात शालू. पाचवीतली पोरगी, जीभ कात्रीसारखी. तिच्यापुढे एक रिकामं टोपलं. बाकीच्या पोरांची रांग.

"मोठेबाबा, पट्टी द्या!"

"काहून पायजे? मागची काय केली? तुझ्या बापानंही लहानपणी माझी पट्टी नेली होती. अजून यायची आहे!"

पट्टी मिळाली, पण तोवर रांगेतली दोन पोरं घरी जाऊन जेवून आली. तिकडे शालूचा कारभार विजेसारखा!

"पट्टी?"

"नाही! पुढचा!"

"खडू?"

"नाही! पुढचा!"

टोपल्यात काही नसलं की कामाचा उरक असा होतो!

मी पायरीवर उभी राहून मोठ्याने समजावत होते, "पाहा पोरांनो! जुना सर्व्हर हळू चालते, पण साऱ्यांले ओळखते. नवा सर्व्हर कसा फटाफट चालून राहिला!" सरिता आल्यापासून पहिल्यांदा हसली. कोणता मार्ग धरायचा ते मात्र तिला अजून उमगलं नव्हतं.

नेमकी त्याच वेळी गिरजाबाई शालूला न्यायला कुंपणापाशी आली होती.

आता गिरजाबाईची बाजूही समजून घ्या. सरकारी केंद्रावर धान विकायचं तर आधी तिथे नाव नोंदवावं लागतं. आणि कितीतरी दिवस केंद्रावर एकच उत्तर मिळत होतं, "सर्व्हर डाउन आहे, उद्या या." धान खळ्यावर पडलेलं, नोंदणीची मुदत संपत आलेली. 'डाउन'शिवाय 'सर्व्हर' हा शब्द कोंढ्यात कोणी ऐकलाच नव्हता! अशा वेळी बाईंच्या, म्हणजे माझ्या, अंगणात नवा सर्व्हर आला असून तो फटाफट चालून राहिला, हे तिने खुद्द बाईंच्या तोंडून ऐकलं!

सकाळी मी दार उघडलं, तर अंगणात पाय ठेवायला जागा नाही! सर्वांत पुढे टिकाराम. हातात प्लास्टिकची थैली, थैलीत सातबारा, आधार कार्ड, पासबुक.

"नमस्कार बाई! नव्या सर्व्हरची रांग हेच का जी?"

"अहो टिकाराम, तो सर्व्हर म्हणजे आपली शालू आहे!"

"चालते जी! गावचीच पोरगी बसवली, चांगलं केलं."

"तसं नाही हो! तो खोटा सर्व्हर आहे!"

"बाई, केंद्रावरचा खरा आहे. तो तरी कुठं चालते?"

साऱ्या नोकरीत मला एवढा अवघड प्रश्न कोणी विचारला नव्हता!

मी रांगेच्या पुढच्या टोकाला समजावत होते आणि मागच्या टोकाला माणसं वाढत होती. गर्दी पाहून आनंदराव भज्यांची गाडी घेऊन आला. गाडी पाहून आणखी माणसं आली. आणि माझ्या पाठीमागे खरा घोटाळा झाला. यादोराव आंघोळ करून बाहेर आले. समोर रांग, शेजारी पेटी! त्यांच्यातला स्टोअरकीपर खडबडून जागा झाला.

"कोणाचा तू? बरं, ठेव पेटीत. पुढे चला!"

"अहो, काय करून राहिले? कागद वापस करा साऱ्यांचे!"

"लाइन तोडू नको, रत्नमाला!"

दुपारपर्यंत अर्ध्या गावाचे कागद हातोडी आणि सुतळीच्या शेजारी जाऊन बसले. मग यादोरावांनी पेटीला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली, घरात जाऊन पोटभर जेवले आणि आडवे झाले. त्यांची दुपारची झोप फॅक्टरीच्या भोंग्यानेही कधी मोडली नाही.

खिडकीतून डोकावलेल्या शालूने अंगणात जाहीर केलं, "जुना सर्व्हर जेवून झोपला!"

"डाउन झाला रे, हाही डाउन झाला!" गर्दीत कल्लोळ उठला.

आणि तेवढ्यात टिकारामचा फोन वाजला. केंद्रावरून त्याचा मेहुणा ओरडत होता, "सर्व्हर चालू झाला! आज शेवटचा दिवस आहे, कागद घेऊन लवकर या!"

साऱ्यांच्या नजरा पेटीकडे!

"बाई," टिकाराम म्हणाला, "माझी नोंदणी राहिली तर सारं धान तुमच्या याच अंगणात आणून ओततो!"

मी आत धावले. यादोरावांना गदागदा हलवलं. "अहो, किल्ली द्या!"

डोळे न उघडता ते म्हणाले, "काहून पायजे?"

सरितानेच त्यांच्या खिशातून किल्ली काढली आणि त्यांना हाताला धरून उठवून बाहेर आणलं. पेटी उघडली, तर कागदांची नुसती खिचडी! टिकारामचं आधार कार्ड तिसऱ्याच्याच सातबाऱ्यात, कोणाचं पासबुक टॉर्चखाली. चारही बाजूंनी हात पुढे आले. एकदा ओढाताण झाली असती तर वर्षभराचं धान एका दुपारी गेलं असतं!

तेव्हा ती तोंड पाडून आलेली पोरगी बाकावर चढली.

"कोणी हात लावायचा नाही! मोठेबाबा, इकडे बसा. एकेक कागद काढा, कोणाचा ते सांगा. शालू, तू त्याच्या नावाची जुडी बांध अन् टोपल्यात ठेव. पेटी पुरी रिकामी होत नाही तोवर टोपल्यातलं काही निघणार नाही!"

काय सांगू! अर्धवट झोपेतले यादोराव कागदाकडे बघून माणूस सांगत होते. "हा टिकारामचा. याच्या बापाचं अन् आज्याचं नाव एकच आहे, घोळ करू नको." शालू रबर लावत होती आणि ओरडत होती, "झाला! पुढचा!" शेवटी पेटीत फक्त हातोडी, टॉर्च आणि सुतळी उरली. एकही कागद हरवला नाही! जुड्या हातात घेऊन सारी मंडळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढली आणि दिवस मावळायच्या आत सगळ्यांची नोंदणी झाली. कागद असे लावून आणलेलं गाव केंद्रवाल्यांनी पहिल्यांदाच पाहिलं म्हणे!

अंगण रिकामं झाल्यावर सरिता पायरीवर बसली. आनंदरावाची उरलेली भजी खात म्हणाली, "मोठीआई, मार्ग सापडला!"

"कोणता? नवा?"

"आधी जुन्याचे उरलेले पेपर देतो. ते झाले की जुन्यातलं सारं नव्यात नेण्याचा एक वेगळा पेपर असते, तो देतो. नवा सर्व्हर चालवणारे खूप मिळतील. पण मोठेबाबाले उठवून, पेटी खोलून, एकही कागद न हरवता शालूच्या टोपल्यात नेणारं कोण आहे? साऱ्या कंपन्यांची पेटी आता खोलावीच लागते!"

होळीच्या आधी तिचे पेपर झाले. जागा मिळाली. नागपूरहून तिने पहिले पेढे माझ्या हातात ठेवले, आणि ते वाटता वाटता मी सांगून टाकलं की सर्व्हर तिला मीच शिकवला! कोंढ्यापासून पवनीपर्यंत हे ऐकलं नाही असा माणूस मी शिल्लक ठेवला नाही.

पुढच्या डिसेंबरात आम्ही दोघं बँकेत गेलो. पेन्शनवाल्या माणसाला दरवर्षी नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचं बँकेत नोंदवावं लागतं, त्याला हयातीचा दाखला म्हणतात. आम्ही सह्या आधीच केल्या होत्या, पण पेन्शन काही जमा झाली नव्हती.

खिडकीतला पोरगा पडद्याकडे पाहत म्हणाला, "बाई, तुम्ही हयात दिसून नाही राहिल्या."

"अरे, तुझ्यासमोर उभी आहे मी!"

"मले दिसता जी. सर्व्हरले नाही दिसत. जुना बंद करून नवा लावून राहिले. नागपूरच्या कंपनीकडे काम आहे, कोणी सरिता मॅडम म्हणून आहे."

माझी छाती फुगली! साऱ्या रांगेला ऐकू जाईल अशा बेताने मी फोन लावला. "पोरी, मी मोठीआई! मले अन् मोठेबाबाले आधी जिवंत कर पाहू!"

"मोठीआई, तुमची दोघांची नावं अजून पेटीत आहेत. पेटी पुरी रिकामी होत नाही तोवर टोपल्यातलं काही निघणार नाही!"

"अवं, पण मी तुझी..."

"लाइन तोडू नको, मोठीआई!"

मी गुपचूप बाकावर येऊन बसले. शेजारी यादोराव पेंगत होते. मी त्यांना हलवलं. "अहो, ऐकलं का? आपल्याले हयातीचा दाखला नाही भेटला अजून!"

डोळे न उघडता ते म्हणाले, "काहून पायजे?"