सुरणाचा सूर

सासूबाईंनी सुरणाचा गड्डा पाटावर ठेवला, दोन्ही हातांना तेल चोळलं आणि सुरी उचलली, तशी सून हातातलं काम सोडून बघत राहिली. मातीने माखलेला तो ओबडधोबड गड्डा. पण सासूबाईंच्या हाताखाली त्याच्या एकसारख्या फोडी पडत गेल्या. सून चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून बसवायची, त्यामुळे नेमकेपणाची तिला पारख होती. तिच्या स्वतःच्या हातचं मात्र घरातले मुकाट्याने जेवत आणि नंतर पाणी जरा जास्त पीत.

त्या दुपारी नणंदेला बघायला मुलगा आणि त्याची आई जेवायला येणार होते. मुलामुलीचं आधीच जुळलेलं होतं, प्रश्न होता तो आईचा. बाई नावाजलेल्या गायिका, त्यात संध्याकाळी त्यांचा कार्यक्रम. त्यांनी आधीच कळवलं होतं, "तळलेलं नको, तिखट नको, गार नको. घसा सांभाळावा लागतो."

"मग नारळाच्या दुधातला सुरण करू," सासूबाई म्हणाल्या होत्या. "लोण्यासारखा उतरतो घशाखाली. फक्त चिंच विसरायची नाही. विसरली तर घसा असा खाजतो की माणूस उभा नाचेल."

चिंचेचा कोळ त्यांनी वाटीत काढून ओट्यावर ठेवला. नारळ खवला, दाट दूध वेगळं, पातळ दूध वेगळं पिळून घेतलं. मग सुनेला म्हणाल्या, "मी साडी बदलून येते. फोडी शिजायला ठेव आणि तो कोळ घाल. एवढंच काम आहे, मला हाका मारू नकोस."

सून हातातलं काम उरकून ओट्याशी गेली तर वाटी रिकामी. रिकामी म्हणजे चक्क धुऊन पालथी घातलेली. तिने विचार केला, आईंनी जाता जाता स्वतःच फोडींना कोळ लावला असणार, त्यांचा आपल्यावर भरवसा तो काय. विचारायला जावं, तर हाका मारायच्या नाहीत. तिने फोडी शिजायला ठेवल्या आणि ताटं पुसायला घेतली.

पाहुणे आले. बोलणी छान सुरू झाली. पानं मांडली गेली, सासूबाईंनी स्वतः वाढलं. भाजी दिसायला अशी सुरेख झाली होती की गाणाऱ्या बाई म्हणाल्या, "रंग बघूनच पोट भरलं."

त्यांनी घास घेतला. चावला, गिळला. मग त्यांची मान हळूच ताठ झाली आणि डावा हात गळ्याकडे गेला. शेजारी मुलाने एकदा घसा खाकरला, मग पुन्हा. नणंदेने आईकडे बघितलं. सासूबाईंनी पटकन एक फोड तोंडात टाकली आणि सुनेकडे अशी नजर टाकली की ती आपणहून स्वयंपाकघरात चालती झाली. मागोमाग सासूबाई.

"कोळ घातलास?"

"तुम्हीच घातलात ना? वाटी धुतलेली होती."

तेवढ्यात पाणी घ्यायला सासरे आत आले. "तो कोळ होय?" ते खुशीत म्हणाले. "त्याने मी पितळी तबक घासलं. पाहुण्यांसमोर मळकट बरं दिसलं नसतं. वाटीपण धुऊन ठेवली. बघितलंत कसं लखलखतंय?"

सून आता आरडाओरडा होणार म्हणून भिंतीला टेकली. सासूबाईंनी डोळे मिटले, उघडले आणि टोपलीतली लिंबं पुढे ओढली. भराभर चिरून त्यांनी फोडी नेमक्या त्याच तबकात मांडल्या आणि चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता बाहेर गेल्या.

"आमच्याकडे पहिल्या घासानंतर लिंबू चोखायचं असतं," त्या म्हणाल्या. "जुनी पद्धत आहे. घ्या ना."

"कधीपासून?" सासऱ्यांनी विचारलं.

"मी या घरात आले त्याच्या आधीपासून. तुम्हाला आठवत नाही, एवढंच."

सासऱ्यांनी मुकाट्याने फोड उचलली. सगळे गंभीरपणे लिंबं चोखत बसले. हळूहळू मुलाचा घसा मोकळा झाला, नणंदेच्या चेहऱ्यावर रंग आला. सून दारातून बघत होती. आपण असतो तर रडत माफी मागितली असती आणि लग्न तिथंच मोडलं असतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. या बाईने खाजऱ्या भाजीचा मानपान करून टाकला होता.

गाणाऱ्या बाई मात्र जाताना घोगऱ्या आवाजात "येते" म्हणाल्या.

संध्याकाळी सगळे धास्तावून कार्यक्रमाला गेले. बाईंनी तोंड उघडलं तर आवाज खरखरीत, खालच्या पट्टीत लागलेला. नणंदेने सुनेचा हात घट्ट धरला. पण बाईंनी तोच आवाज धरून गाणं असं काही रंगवलं की मागच्या रांगेतली माणसं उठून पुढे आली. शेवटी टाळ्या थांबेनात. बाहेर भेटल्यावर बाईंनी सासूबाईंचे दोन्ही हात धरले. "माझा आवाज फार गोड, फार गोड असं आयुष्यभर ऐकत आले. आज पहिल्यांदा लोकांच्या डोळ्यांत पाणी बघितलं. मुलगी आमची. आणि पुढच्या कार्यक्रमाआधी ती भाजी पाठवाल ना?"

पुढच्या कार्यक्रमाच्या दिवशी सासूबाईंनी भाजी केली. चिंच घालून, जीव ओतून, लोण्यासारखी. डबा पोचल्यावर फोन आला. सून शेजारीच होती, तिला सगळं ऐकू आलं.

"बरी झालीये," बाई संकोचून म्हणाल्या, "पण त्या दिवसाची सर नाही हो."

आपल्या भाजीला कुणी बरी म्हणालेलं सासूबाई जन्मात पहिल्यांदा ऐकत होत्या. फोन ठेवून त्यांनी उरलेल्या भाजीतली एक फोड बसल्याबसल्या चाखून बघितली. मग उसासा टाकून उठल्या.

"मुद्दाम बिघडवायला माझा हात धजायचा नाही," त्या म्हणाल्या. "दुसरा गड्डा आहे घरात. सूनबाई, तू कर. तुला येते तशी कर."

सुनेने पदर खोचला आणि मनापासून भाजी केली; चिंच मात्र वाटीतच राहिली. दुसरा डबा गेला, आणि पाठोपाठ फोन आला. "हीच ती," बाई घोगऱ्या आवाजात म्हणत होत्या. "कुणाच्या हातची आहे?"

सासूबाईंनी फोन सुनेच्या हातात दिला.