आबांना उपाशी ठेवण्याची युक्ती

माझी धाकटी बहीण धनू कोरीटहून नंदुरबारला सासरी गेली, त्याचं दुसरं वर्ष. म्हणजे एकोणीसशे बासष्ट. त्या साली मी एक युक्ती काढली होती. अशी पक्की, की डॉक्टरांनाही सुचली नसती!

आमचे वडील धुडकू आबा. त्यांचं पोट दुखायचं. जेवण झालं की थोड्या वेळाने गुडघे छातीशी घेऊन बसायचे, आणि विचारलं की म्हणायचे, "काही नही, वारा शे." नंदुरबारात तेव्हा एका दवाखान्यात एक्सरेचं यंत्र नवीनच आलं होतं. डॉक्टर म्हणाले, "आत जखम आहे की गाठ, ते त्यातच कळेल. गाठ असली तर लवकर सुरतेला न्यावं लागेल. पण पोट अगदी स्वच्छ पाहिजे. आदल्या दुपारी एरंडेल द्या. मग एक्सरे होईपर्यंत तोंडात कण जाता कामा नये."

आबांच्या तोंडात कण नाही! हा माणूस उपासाच्या दिवशी इतर दिवसांपेक्षा जास्त जेवायचा. पहिल्या खेपेला त्यांनी गाडीत बसल्या बसल्या फेट्यात लपवलेले शेंगदाणे संपवले. दुसऱ्या खेपेला मी फेटा झाडून घेतला, तर वाटेतल्या मळ्यातून कुणीतरी "राम राम धुडकूभाऊ!" म्हणत केळीची फणी गाडीत ठेवली. आमच्याकडे कुणी प्रेमाने दिलेलं परत करत नाहीत. आबांनी तर सालंही जेमतेम ठेवली.

डॉक्टर हात धुता धुता म्हणाले, "मला यांचं पोट बघायचंय, बाजार नाही. तिसऱ्यांदा खाऊन आलात तर दुसरा डॉक्टर शोधा!"

मग मला युक्ती सुचली. आमच्यात लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या सासरी जेवत नाही. आबा तर जुन्या वळणाचे, ते तिथलं पाणीही घेत नसत. अख्ख्या मुलखात आबा उपाशी राहतील असं एकच घर होतं, ते धनूचं! आदल्या दिवशीच त्यांना तिथे नेऊन बसवायचं. राखण करायला नको, भांडायला नको. धनूला दिवस गेलेले होते. आई वारलेली, म्हणून बाळंतपणही सासरीच व्हायचं होतं. पण सुईणीने अजून महिना बाकी आहे असं सांगितलं होतं. मी निश्चिंत!

दुपारी पोहोचलो. आबांना एरंडेल पाजलं. धनूचे सासरे चुनीलाल पाण्याचा तांब्या घेऊन पुढे आले.

"व्याही, पानी तरी ल्या."

"पोरना गावना पानीले मी हात लावत नही," आबा म्हणाले.

मी मनात स्वतःची पाठ थोपटली. पण एरंडेल कुणाची वाट बघत नाही. थोड्याच वेळात आबा ताडकन उठले आणि मला म्हणाले, "दोध्या, लोटा!"

मी रांजणाकडे धावलो. आबा ओरडले, "ते पानी नही! ते जवाईनं शे!"

"आबा, हे प्यायचं नाहीये!"

"पानी ते पानीच शे!"

"मग कुठून आणू?"

"टेसनवरथीन लय! टेसन सरकारनं शे!"

झालं! मी लोटा घेऊन स्टेशनावर. परत आलो तर आबा दुसऱ्या लोट्याच्या घाईत. पुन्हा स्टेशन. एरंडेलाचा जोर असा, की मालगाडीलाही तेवढा नसेल! नळावरचा हमाल मला विचारायला लागला, "भाऊ, कोठे आग लागनी का?" इकडे गल्लीभर चर्चा, आणि चुनीलाल ओट्यावर तोंड पाडून बसलेले.

"दोधूभाऊ, आमनं पानी लोटामा बी चालत नही का?"

मी लोटा घेऊन पुन्हा निघालो. माझे पाय भरून आले होते. पण आबांचं पोट पाटीसारखं स्वच्छ झालं होतं, या एका विचारावर मी चालत होतो.

दिवे लागायच्या वेळी घरात बायकांची पळापळ सुरू झाली. सुईण आली. तिचा हिशेब चुकला होता! मी ओट्यावर बसून देवाला दोन गोष्टी मागत होतो: धनू सुखरूप सुटू दे, आणि सकाळपर्यंत सुटू देऊ नको.

देवाने पहिली ऐकली. धनूची सासू जसोदाबाई दारात आली. "पोर व्हयनी! दोन्ही बेस शेतस! व्याही, आते उठा. आते तुम्हले आमना घर जेवनंच पडी!"

आतून तुपात रवा भाजल्याचा वास आला. आबांचे डोळे चमकले. मी आडवा आलो.

"थांबा! जेवता येणार नाही!"

"का बरं?" जसोदाबाईंनी विचारलं.

आता इथे मी एक्सरे म्हणायला हवं होतं. पण चालून चालून डोकं पायात गेलं होतं. मी म्हणालो, "मुलगा झाला असता तर गोष्ट वेगळी. मुलगी झाली तर रीत उठते का?"

कढईतलं उलथनं थांबलं. मग खोलीतून धनूचा आवाज आला, थकलेला पण धारदार.

"भाऊ, मन्ही पोर काय गिनतीमा नही का? आबा, तुम्ही बी असंच म्हनतस?"

"धनू, तसं नाही! डॉक्टरांनी..."

"डॉक्टरले इचारीसन पोर जल्मले येस का?" जसोदाबाई कडाडल्या.

मी आबांच्या कानात कळवळून म्हणालो, "आबा, सकाळी एक्सरे आहे. गाठ असली तर? हात जोडतो, नका जेवू!"

आबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना सगळं कळत होतं. मग खोलीच्या दाराकडे तोंड करून ते मोठ्याने म्हणाले, "ताट वाढा! मन्ही नात व्हयनी, मी उपाशी काबर ऱ्हासू?"

आणि मला हळूच, "मशीन काय पयी जाई ऱ्हायनं का? तठेच ऱ्हाई."

आबांनी शिरा खाल्ला. पुन्हा मागून खाल्ला. चुनीलालांच्या हातून तांब्याभर पाणी घटाघटा प्याले. चुनीलालांनी डोळे पुसले. मग आबा ओट्यावर आले, भिंतीकडे तोंड करून कुशीवर झाले आणि गुडघे छातीशी घेतले. तोंडातून आवाज म्हणून काढला नाही, आत धनू जागी होती.

सकाळी मी एकटाच दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, "काय खाल्लं?"

"शिरा," मी म्हणालो, आणि परत निघालो.

त्यानंतर आबा दर पंधरवड्याला नातीला बघायला नंदुरबारला जायचे आणि पोटभर जेवून यायचे. त्यांना उपाशी ठेवील असं एकही घर आता मुलखात उरलं नव्हतं. एक्सरेचं नाव काढलं की म्हणायचे, "दखू, पुढला महिनामा."

आबा एकोणीसशे चौसष्टच्या पौषात वारले, कोरीटला, घरीच. पोटात काय होतं ते कुणालाच कळलं नाही.