दोन बोटं उंची

थोरलीच्या पोटात दुखायला एवढंच कारण पुरलं. धाकट्या जावेची हाडांची गोळी बंद झाली.

"पाच वर्षं घेतली ना, ताई. तपासणी चांगली आली. डॉक्टर म्हणाले, आता काही दिवस नको," धाकटी केस विंचरत म्हणाली.

केस दाट, नवरा मुठीत, आणि आता हाडंही धड! थोरलीकडे मिरवायला एकच गोष्ट उरली होती. ती धाकटीपेक्षा दोन बोटं उंच होती. वरच्या फळीवरचा डबा धाकटीला तिच्याकडेच मागावा लागे, आणि तो काढून देताना थोरली मुद्दाम वेळ लावी.

"तिची हाडं शहाणी आणि माझी काय खुळी?" असं म्हणून तिने आपलं हाडांचं सहामाही इंजेक्शन चुकवलं. नवऱ्याने विचारलं तर "झालं घेऊन" म्हणाली.

काही महिन्यांनी पाठ धरली. तिने गादी बदलायला लावली. मग गाऊन पायांत यायला लागला.

"धुतल्यावर कापड आटतं म्हणतात, हा मेला वाढतोय!"

एक दिवस डब्याला हात पुरेना. "फळी कुणी वर सरकवली?" कुणीच नाही म्हटल्यावर तिने धाकटीला शेजारी उभं केलं. धाकटीच उंच!

"सपाता काढ!"

"काढल्या, ताई."

"आणखी काढ!"

"अहो, आता पायच राहिलेत!"

शेवटी डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला. "दोन मणके दबलेत. इंजेक्शन कधी चुकवलंत?"

थोरली छताकडे बघू लागली. "धाकटीचं औषध बंद केलंतच की!"

"त्यांची गोळी हाडांत मुरते, थांबवली तरी काही काळ पुरते. तुमच्या इंजेक्शनचा असर लगेच ओसरतो. न विचारता सोडलं की हाडं मोडतात."

"माझी उंची परत येईल?"

"गेली ती गेली. उरलेली सांभाळू."

थोरलीने मुकाट्याने दंड पुढे केला.

त्याच आठवड्यात घरातल्या सगळ्यांचा फोटो काढायचा होता. थोरली मान खाली घालून उभी राहिली. फोटो पाहिला, तर ती धाकटीपेक्षा दोन बोटं उंच! तिने चमकून शेजारी पाहिलं. धाकटी गाऊनच्या आत गुडघे वाकवून तशीच उभी होती.

थोरलीचे डोळे भरून आले. "सरळ उभी राहा गं. गुडघे दुखतील."

"छे, ताई! अजून तासभर उभी राहीन अशी."

थोरलीने डोळे पुसले. "बघा!" ती नवऱ्याच्या कानात फणकारली, "गुडघेसुद्धा माझ्यापेक्षा चांगले हिचे!"