सह्याद्रीतील दर्या

शाळांसाठीच्या मोफत सॉफ्टवेअरमधला एक र चुकीच्या जागी बसल्यामुळे आंबेखोरे गावच्या दरीत समुद्र आला.

चौथीच्या भूगोलात 'सह्याद्रीतील दऱ्या' असा धडा आहे. आमच्या 'धडपाटी'त तो 'सह्याद्रीतील दर्या' असा दिसू लागला. अर्धा र आडवा राहायचा सोडून रफार होऊन डोक्यावर चढला होता. एरवी असल्या गोष्टींनी कुणाचं काही बिघडत नाही, पण आंबेखोऱ्याची शाळा हे सॉफ्टवेअर मनापासून वापरत होती.

'धडपाटी' हे खुलं सॉफ्टवेअर आहे. म्हणजे कुणीही आत डोकवावं, चूक दिसली तर दुरुस्त करावी आणि मोबदला मागू नये. आम्ही पाच विद्यार्थी कॉलेज सांभाळून ते चालवतो. कोणती चूक आधी घ्यायची हे दर बुधवारी कँटीनमध्ये ठरतं. सॉफ्टवेअर बंद पडत असेल तर पहिला क्रमांक, उत्तर चुकत असेल तर दुसरा, नुसतं दिसायला वाईट असेल तर तिसरा. समुद्राला तिसरा मिळाला.

"सॉफ्टवेअर व्यवस्थित चाललंय," आमचा प्रमुख अन्वय टिळेकर म्हणाला. "र फक्त वेगळा दिसतोय."

ते नियमाला धरून होतं, त्यामुळे कुणी वाद घातला नाही.

पुढच्या बुधवारी आंबेखोऱ्याच्या शिक्षिका विमल दांगट स्वतः आल्या. त्यांची साडी गुडघ्यापर्यंत ओली होती. त्यांनी आमच्यापैकी प्रत्येकाला नमस्कार केला.

"आधी आभार मानते," त्या म्हणाल्या. "तुमच्या धडपाटीमुळं आमची पोरं वाचायला लागली."

आजवर आमचे आभार कुणी मानले नव्हते. मला एकदम भरून आलं आणि मी त्यांच्यासाठी चहा आणायला गेले.

परत आले तेव्हा अन्वय विचारत होता, "समुद्राचं काम होतं ना, बाई?"

"नाही हो. समुद्राचं सावकाश बघू. पोरं होडीनं येतात शाळेत. तुम्ही आधी आचाऱ्याचं बघा."

दुसरीच्या पुस्तकात 'आचाऱ्यांचे आभार' असा धडा आहे. तिथेही तोच र डोक्यावर चढला होता आणि 'आचार्यांचे आभार' झालं होतं. तेव्हापासून शाळेत खिचडी शिजवणारे केरूमामा आचार्य झाले होते. रोज सकाळी चुलीपुढे पाट मांडून ते प्रवचनाला बसत. विषय चांगले असत. खिचडी मात्र होत नसे.

"काल ते अन्न हे पूर्णब्रह्म यावर बोलले," बाई म्हणाल्या. "फार सुंदर बोलले. पोरं उपाशीपोटी ऐकत होती. शेवटी दुसरीतली रेणुका उठून विचारते, बाई, ब्रह्म कधी वाढणार?"

त्या हसल्या आणि मग त्यांनी पदरानं डोळे टिपले. काही पोरं दिवसाचं धड जेवण तेवढंच जेवत होती.

उपाशी पोरं कोणत्या क्रमांकात बसतात याची आमच्या नियमांत तरतूद नव्हती. अन्वयनं थोडा विचार करून शून्य क्रमांक काढला.

"दोन्हीकडं र एकच आहे," तो लॅपटॉप उघडत म्हणाला. "तो जागेवर आणला की आचार्य जातील आणि समुद्रही जाईल. आत्ताच करतो."

"थांबा, थांबा!" बाई उठून उभ्या राहिल्या. "आमची सहल समुद्रावर न्यायची असं दरवर्षी ठरतं आणि दरवर्षी गाडी मिळत नाही. यंदा समुद्रच आला. विहिरी खारट व्हायला लागल्यात, त्याला ठेवून घेता येणार नाही, हे मलाही कळतं. पण असं तडकाफडकी घालवणं बरं दिसत नाही. शनिवारी रीतसर निरोप समारंभ करू, मग पाठवा."

"मग शनिवारपर्यंत पोरांनी काय खायचं?" अन्वय म्हणाला.

बाई खाली बसल्या.

"धड्याचं नावच बदलू या," मी म्हणाले. "'केरूमामांचे आभार'. त्यात तो अर्धा र येतच नाही."

चहा निवायच्या आत ते झालं. थोड्याच वेळात शाळेतून बाईंना फोन आला. केरूमामा श्लोकाच्या मध्येच थांबले होते आणि तांदूळ कुणी निवडलेत का, असं विचारत होते. बाईंनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. इतर शाळांकडून बदललेल्या नावाबद्दल हरकत आलेली नाही. तिथली मुलंही आता केरूमामांचे आभार मानतात.

शनिवारी मी लॅपटॉप घेऊन आंबेखोऱ्याला गेले. फळ्यावर 'निरोप समारंभ' असं रंगीत खडूनं लिहून तो फळा काठावर आणून ठेवला होता. समुद्र शांत होता. पोरांनी सकाळपासून पोहून घेतलं होतं, त्यामुळे सगळ्यांची डोकी ओली होती.

भाषण रेणुकानं केलं. "आदरणीय समुद्र, गुरुजनवर्ग आणि माझ्या मित्रमैत्रिणींनो. तुम्ही आलात म्हणून आमची सहल झाली. आम्ही तुमचे आभारी आहोत. पुन्हा या, पण विहिरीत येऊ नका. एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवते."

टाळ्या झाल्या. बाईंनी पुढे होऊन लाटेवर नारळ ठेवला. लाटेनं तो परत आणून दिला. बाईंनी पुन्हा ठेवला, तो पुन्हा परत आला.

"घ्या हो," केरूमामा झारा हातात घेऊन मागून म्हणाले. "नको नको काय करताय? पोरांनी आणलाय."

तिसऱ्या खेपेला समुद्रानं नारळ ठेवून घेतला.

बाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि मी र जागेवर आणला. समुद्र कुणाला धक्का लागणार नाही अशा बेतानं दरीतून उतरत गेला. पोरं तो दिसेनासा होईपर्यंत हात हलवत होती, मीही हलवत होते.

मग केरूमामांनी हाक मारली, आणि पायांची वाळू झटकून आम्ही सगळे खिचडीला बसलो.