मनगटावरची आठ माणसं

टक्.

पेनाचं टोपण लागल्याचा तो आवाज ऐकून सूनबाई हातातलं पुस्तक टाकून धावली. घरात लहान मूल असलं की शांतता वाईट, आणि शांततेनंतरचं 'टक्' त्याहून वाईट.

फिजिओथेरपीची तोंडी परीक्षा दोन तासांवर आली होती. तपासून दाखवायला हात घरच्या माणसाचाच न्यायचा होता. सासूबाई तयार होऊन खुर्चीत पेंगत होत्या आणि त्यांच्या मनगटावर आठ चेहरे उमटले होते. पक्क्या शाईचे.

गेल्या वर्षी सूनबाई याच मनगटाने नापास झाली होती. मनगटातली आठ हाडं डोक्यात राहीनात, म्हणून तिने ती सासरच्यांना वाटून दिली. सगळ्यांत मोठं, मधोमध बसलेलं ते सासूबाई. हमखास मोडणारं ते नवरा. जागेवरून सटकणारं ते सासरे. गळासारखा आकडा असलेलं ते नणंद. उरलेल्या चार जागा दीर, जाऊ आणि त्यांच्या दोन मुलांनी भरल्या. पाच वर्षांच्या लेकीने हे सगळं ऐकून ऐकून पाठ केलं होतं.

"हा बाबा. सारखा मोडतो," लेक आजीला समजावत होती.

"आणि ही आकडेवाली?"

"आत्या."

"पोटची पोर आहे माझी," सासूबाई म्हणाल्या, "पण खोटं कसं म्हणू?"

साबण झाला, तेल झालं, लिंबू झालं. चेहरे तेवढे उजळले.

परीक्षक बाईंनी चष्मा वर सरकवला. "ही कॉपी का?"

"नातीचा पराक्रम," सासूबाई म्हणाल्या.

"बरं. सगळ्यांत मोठं हाड दाखवा."

सगळ्यांत मोठा चेहरा अंगठ्यापाशी होता. आजीला कोपरा आवडतो, म्हणून लेकीने तिला तिथे बसवलं होतं. सूनबाईचं बोट मात्र मधोमध गेलं.

"अगं, तिथे नव्हे," सासूबाई कुजबुजल्या. "मी इकडे आहे. चित्र बघ की."

सहा वर्षांत सूनबाईने त्यांचा शब्द मोडला नव्हता. तिने बोट हलवलं नाही.

"नाही आई. तुम्ही मधेच आहात."

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. "चित्र बघून सांगितलं असतंत," त्या म्हणाल्या, "तर पुढच्या वर्षी पुन्हा भेटलो असतो."

घरी आल्यावर सासूबाईंनी बांगड्या कोपरापर्यंत सरकवल्या आणि शेजारणीला हात दाखवला. "सगळ्यांत मोठं मी. मधे. बाईंनीच सांगितलं."

लेकीने बोट ठेवून सगळे चेहरे मोजले, पुन्हा मोजले.

"आई, आठ झाले. यात तू कुठे आहेस?"