हुकमाची चौथी तार

एका जंगलात, मुलांनो, संगणक आला. का आला ते विचारू नका. शेजारच्या जंगलात आला होता, म्हणून आपल्याकडेही आला.

सिंहाने तो आपल्या गुहेत ठेवला. त्यात पाणवठ्याच्या पाळ्या असत. हरणांनी कधी प्यायचं, बिबट्याने कधी प्यायचं, सगळं त्यात. दोघं एकाच वेळी आले तर काय होतं, ते हरणांना ठाऊक होतं. बिबट्याला तर पाठच होतं.

संगणकाची देखभाल साळूबाई साळिंदर करी.

आता संगणक विचार करतो तेव्हा तापतो. तुम्ही तापत नाही, कारण उघड आहे. तर त्याचं डोकं गार ठेवायला आत एक पंखा होता. पंख्याला चार तारा. पहिल्या दोन विजेच्या, एकीतून येते, दुसरीतून जाते. तिसरी चुगलीची. पंखा किती जोरात फिरतो ते ती संगणकाला सांगे. चौथी हुकमाची. हळू फीर, जोरात फीर, हे संगणक तिच्यातून पंख्याला सांगे.

पंखा जोडायच्या जागा दोन होत्या. एक चार टाचण्यांची, दर तारेला एक, मागे कोपऱ्यात. एक तीन टाचण्यांची, पुढे, दाराकडून दिसेल अशी.

कोल्हा कारभारी म्हणाला, “पुढे लावा. पाहुण्यांना दिसला पाहिजे.”

साळूबाई म्हणाली, “कारभारी, चौथी तार रिकामी राहील.”

“दरबारात निम्मे रिकामेच आहेत. त्यात ही एक.”

पंखा पुढे लागला. हुकूम पोचेना, म्हणून तो सदा पूर्ण जोरात फिरे. घूंऽऽ करून गुहा दणाणून सोडी. पाहुणे म्हणत, वा, काय काम चाललंय! पण सिंहाची दुपारची झोप गेली.

सिंहाने साळूबाईला बोलावलं. “उद्या दुपारी आवाज आला, तर जेवणात साळिंदर.”

“महाराज, मला काटे आहेत.”

“ते खानसामा बघेल.”

साळूबाई घाबरली. तेवढ्यात माकडशास्त्री आले. हे जंगलातले विद्वान. त्यांनी तारा हुंगल्या आणि म्हणाले, “तिसरी तार सांगते की पंखा जोरात आहे. ती तोडा. सांगणारच कोणी नाही, तर जोर कसला?”

तार तोडली. पंखा घूंऽऽ करतच राहिला. संगणक मात्र पडद्यावर ओरडू लागला, की पंखा मेला, पंखा मेला.

“बघा,” शास्त्री म्हणाले, “आवाज भुताचा आहे.” आणि दक्षिणेची केळी घेऊन गेले.

साळूबाईने तार परत जोडली. मग कोणाला न विचारता पंखा कोपऱ्यातल्या जागेवर लावला. चारही तारा बसल्या. संगणक गार असला की पंखा हळू फिरे, तापला की जोर धरी. दुपारी काम वाढे, तरी आवाज नुसता कुजबुजीएवढा. सिंह घोरू लागला. बाई वाचली.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण जंगलात कारभारी असतो.

कोल्हा सिंहाच्या कानाशी लागला. “महाराज, हा पंखा कोणाचं ऐकतो?”

“माझं. अजून कोणाचं?”

“तसं नाही. संगणक तापला की वाढतो, निवला की कमी होतो. आपल्याला विचारत नाही.”

सिंहाची आयाळ उभी राहिली. “माझ्या गुहेत राहून? आजपासून वेग मी ठरवणार. मी झोपलो की हळू. पाहुणे आले की जोरात.”

साळूबाई म्हणाली, “महाराज, तो दुपारीच सगळ्यात जास्त तापतो. सगळे तेव्हाच पाण्याला येतात.”

“मला झोपही तेव्हाच येते.”

हुकूम संगणकात बसला. दुपारी सिंह झोपला, पंखा हळू झाला. संगणक तापला, तापला आणि जळू नये म्हणून आपला आपणच बंद पडला. पाळ्या दिसेनात. हरणं अंदाजाने आली. बिबट्यानेही अंदाज केला, त्याचा बरोबर निघाला.

किंकाळ्यांनी सिंह जागा झाला. दरबार भरला.

पंखा म्हणाला, “हळूचा हुकूम होता. हळू फिरलो.”

तिसरी तार म्हणाली, “मी सारखी सांगत होते, हळू आहे, हळू आहे. पडद्यावर येत होतं. महाराजांचे डोळे मिटलेले होते.”

 आता दोष कुठे जाणार, हे सगळ्यांना दिसत होतं. सिंहालाही दिसलं. तो साळूबाईकडे वळला आणि त्याने जिभल्या चाटल्या.

“देखभाल कोणाची?”

साळूबाईने एकदा कोल्ह्याकडे बघितलं, एकदा सिंहाच्या दातांकडे.

“महाराज, हुकूम आपला होता म्हणजे चांगलाच होता. पंख्याने पाळला, तोही गुणी. दोष चौथ्या तारेचा. तिने तो पोचवला कशाला?”

सिंह प्रसन्न झाला. एवढा सोयीचा गुन्हेगार त्याला कधी मिळाला नव्हता. दरबारासमोर चौथी तार तोडण्यात आली. हरणांनीही टाळ्या वाजवल्या. उरली होती तेवढ्यांनी.

पंखा पुन्हा घूंऽऽ करू लागला. पाळ्या नीट चालू झाल्या. साळूबाई कामावर राहिली. सिंह मात्र दुपारभर टक्क जागा असतो, कानात सावरीचा कापूस घालून. लोक म्हणतात, राजा असावा तर असा, डोळ्याला डोळा लागत नाही!

तात्पर्य : मुलांनो, कुठलंही यंत्र दुरुस्त करताना सगळ्या तारा जागच्या जागी बसवू नयेत. वरिष्ठांचा हुकूम बरोब्बर पोचला तर नुकसान होतं. आणि बसवल्याच, तर त्यांतली दोष देण्याची कुठली, ते आधी हेरून ठेवावं.