खास बातमीदाराने जुळवलेली सोयरीक

वेष पालटून बातमी काढण्यात माझा हात धरणारा माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात नाही! हे मी स्वतःच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

आमचं ‘साष्टीवृत्त’ हे साप्ताहिक दर शनिवारी निघतं. म्हणजे कागद आणि शाई दोन्ही एकाच आठवड्यात मिळाली तर निघतं. संपादक परशुरामपंत खुर्चीत बसून लिहितात आणि आम्ही उभं राहून ऐकतो. त्यांनी सलग सहा अंक दारूच्या व्यसनावर अग्रलेख लिहिले. सातव्या वेळी मी म्हटलं, “पंत, आपण दोघांनी मिळून आजवर झिंगलेली माणसं किती पाहिलीत?”

पंतांनी बराच विचार केला. “एक पाहिला होता. पण तो पाठमोरा होता.”

“तेच म्हणतो मी! विलायतेतले बातमीदार म्हणे भिकाऱ्याचे कपडे घालून भिकाऱ्यांत जाऊन राहतात, आणि मग लिहितात. मी दारूच्या गावात जातो. त्यांच्यातलाच एक होऊन बसतो. दारुडे मोजून आणतो!”

दारूचं गाव कोणतं, हे आम्ही दोघांनी नकाशावर ठरवलं. घोडबंदरच्या वाटेवर, ठाण्यापासून दोन कोसांवर, खाडीकाठी किरिस्तांव शेतकऱ्यांचं एक गाव आहे. तिथे ताडाची झाडं पुष्कळ. ताड आहेत म्हणजे ताडी आहे, ताडी आहे म्हणजे दारुडे आहेत! इतका पक्का पुरावा हाती असताना मी थांबतो कशाला?

वेषाची तयारी मी जातीने केली. कल्याणच्या बाजारातून एक जुना काळा कोट आणला. तो ज्याचा होता तो माणूस माझ्या दीडपट असावा. बाह्यांतून फक्त बोटांची टोकं बाहेर येत. डोक्यावर गोल टोपी घातली, शेंडी आत दाबली. दारुड्यांत जायचं तर हातात बाटली हवीच. पण मी पडलो निर्व्यसनी! टेंभी नाक्यावर चाळीस माणसांसमोर हात वर करून शपथ घेतलेली, की मद्याच्या थेंबाला शिवणार नाही. शेवटी आमच्या बायकोने, रंगूने, बाटलीत कोकमाचं सरबत भरून दिलं आणि वर बूच ठोकलं.

“सोंग पुरे झालं की बाटली परत आणा,” ती म्हणाली. “आणि त्या कोटात पाय अडकून पडू नका!”

आता वाचकहो, त्या दिवशी त्या गावात काय चाललं होतं ते तुम्हाला आधीच सांगून टाकतो. मला ते कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्यापायी माझे जे हाल झाले ते तुमचे होऊ नयेत.

गावात अल्फान्सो नावाचा शेतकरी. त्याची मुलगी फेलिशिया. तिचा जीव जडला होता व्हॅलेरियनवर. हा पलीकडच्या गावचा मिठाच्या होड्या वल्हवणारा पोरगा, आईबाप नसलेला. अल्फान्सोच्या बापाने दोन शेतं दारूत घालवली होती, म्हणून अल्फान्सोची एकच अट होती: पिणाऱ्या घरात मुलगी देणार नाही. व्हॅलेरियनच्या घरच्यांविषयी त्याच्या कानावर काहीबाही आलं होतं. शिवाय बुधवारपासून त्यांचे चाळीस दिवसांचे उपास लागणार, त्यात सोयरिकी ठरत नाहीत. आणि ईस्टरनंतर येतो म्हणून वसईच्या एका पन्नाशीच्या विधुराने निरोप धाडून ठेवला होता! थोडक्यात, फेलिशियाचं जे काही व्हायचं ते त्याच रविवारी व्हायचं होतं.

त्यांची रीत अशी, की मुलगा स्वतः येत नाही. त्याच्याकडचा एक वडीलधारा माणूस बाटली घेऊन येतो. मुलीच्या बापाने बूच काढून सगळ्यांना घोट घोट दिला की होकार. बाटली न उघडता परत केली की नकार. व्हॅलेरियनचा वॉल्टरमामा त्या दिवशी यायचा होता. त्याला त्या घरात कोणी पाहिलेलं नव्हतं. काळा कोट घालून, हातात बाटली घेऊन, पायी येईल, एवढंच कळवलेलं.

आणि काळा कोट घालून, हातात बाटली घेऊन, पायी कोण आलं? आम्ही!

“या, या, बसा!” अल्फान्सो अंगणातूनच ओरडला. “सकाळपासून वाट बगताव तुमची!”

मी मनात म्हटलं, काय ही दारुड्यांची माया! बाटली दिसली की अनोळखी माणसालाही मिठ्या! पाटावर मला बसवलं. अल्फान्सोची बायको डॉरिस पाणी घेऊन आली. ताटलीत गरम गरम फुगे, म्हणजे त्यांचे तळलेले गोल पाव, आले. आसपासची दहा-बारा माणसं स्वच्छ कपडे घालून ओळीने बसली होती. दाराआडून एक लुगड्याचा काठ हलत होता. मी कोटाच्या बाहीत पेन्सिल धरली आणि थेट कामाला लागलो.

“घरात माणसं किती?”

“आमी दोगं, तीन पोरगे, येक पोर.”

“ताड किती आहेत?”

“अकरा. सरकारचे नंबर पडलेत त्यांवर. ताडी गावात नाय रावत, ठेकेदार घेऊन जाते.”

“बरं, आता स्पष्ट विचारतो. या घरात पितात कोण कोण?”

मंडळींत कुजबुज झाली. मला वाटलं, सापडले! पण अल्फान्सोचा चेहरा असा काही फुलला की मी चपापलो. तो बायकोला म्हणाला, “बग डॉरिस! सोयरा असा पायजे! पैला सवाल काय, तर पितात कोन!” मग माझ्याकडे वळून म्हणाला, “नाताळाला येकदा, आंगठ्यायेवडा घोट. बास. आनि तुमच्याकडं?”

या उलट्या सवालाने माझं सोंग गळून पडलं. निर्व्यसनी माणसाचा अभिमान उफाळून आला! “आमच्या घरात? थेंब शिवत नाही!”

“आनि पोरगा?”

आमच्या रतनची यांना चौकशी कशाला, असं मला वाटलं खरं. पण आपल्या मुलाविषयी कोणी विचारलं की बापाला भान राहतं का? रतन सहा वर्षांचा.

“पोरगा? तो दुधाशिवाय काही पीत नाही!”

ओळीतून “आहा!” असा आवाज उठला.

“शिकलाय काय?” डॉरिसने विचारलं.

“शिकतोय. बाराखडी अर्धी झाली. हुशार आहे, पण पाटी फार फोडतो.”

“होडीवर जाते तवा भीत नाय ना?”

“होडीवर? छे हो! अंगणातल्या कोंबड्याला भितो! आई क्षणभर दिसली नाही तर रडून घर डोक्यावर घेतो.”

डॉरिसने पदर डोळ्यांना लावला. “आयसवेगळं पोर,” ती म्हणाली, “अजून आयसची याद काडून रडते.” दाराआडच्या लुगड्याचा काठ मात्र गदगदा हलू लागला. फेलिशियाने व्हॅलेरियनला मिठाच्या दोन गोण्या एकदम उचलताना पाहिलं होतं.

अल्फान्सो उठला. त्याने माझ्या हातातून बाटली घेतली आणि एका झटक्यात बूच उडवलं! पोरांनी बाहेर घुमटावर, म्हणजे त्यांच्या मातीच्या ढोलावर, थाप मारली. प्याले फिरले. अल्फान्सोने घोट घेतला. जीभ टाळूला लावली. दुसरा घोट घेतला.

“सरबत हाय,” तो म्हणाला.

सगळ्यांनी आपापल्या प्याल्यात डोकावून पाहिलं. मी पेन्सिल बाहीत आणखी आत सारली. आणि मग त्या धिप्पाड माणसाच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं!

“सोयरिकीच्या बाटलीत सरबत! मंडळी, आसं घर पुन्हा मिलायचं नाय! पोर दिली!”

आत काहीतरी धातूचं पडलं आणि घरंगळत गेलं. फेलिशियाच्या हातातलं तबक असावं. लोक माझ्या पाठीवर थापा मारू लागले. पोर दिली? कोणाला दिली? माझं लग्न तर नऊ वर्षांपूर्वी झालेलं! मी घाबरून उठलो, कोट पायात आला, आणि पुन्हा पाटावर आदळलो.

तेवढ्यात कुत्री भुंकली. फाटकातून एक तगडा पोरगा घामाघूम होऊन आत आला. त्याच्या खांद्यावर पोत्यासारखा एक माणूस लोंबत होता. अंगात काळा कोट, हातात बाटली, अर्धी रिकामी!

“अल्फान्सोबाबा, माफी करा,” पोरगा म्हणाला. “मी व्हॅलेरियन. हा माजा वॉल्टरमामा. धीर याया पायजे म्हनून वाटंत जरा घेतली त्यानं. बांदावर पडला व्हता.”

खांद्यावरून वॉल्टरमामांनी मान वर केली, सगळ्यांना आशीर्वाद दिला आणि घोरू लागले.

अल्फान्सो हळूहळू माझ्याकडे वळला. “मंग तुमी कोन?”

खोटं सुचेना, आणि सुचलं असतं तरी दारातून दोन डोळे माझ्याकडे असे लागले होते की ते बोलवलं नसतं. “मी विश्राम. ठाण्याच्या वर्तमानपत्राचा बातमीदार. तुमच्या गावात दारुडे किती आहेत ते मोजायला आलो होतो.”

“आनि त्यो दूद पिनारा?”

“माझा मुलगा. सहा वर्षांचा आहे.”

फेलिशिया दाराआड खो खो हसली आणि लगेच गप्प झाली. कारण बापाचा चेहरा दगडासारखा झाला होता. “सोयरीक मोडली,” अल्फान्सो म्हणाला. “माझ्या बापानं घर बुडवलं. पिनाऱ्याच्या घरी पोर द्यायची नाय. वसईला निरोप धाडा.”

खरं सांगतो, मला त्या क्षणी माझी स्वतःचीच लाज वाटली. माझ्या सोंगापायी एका पोरीचं नशीब दहा मिनिटांत जुळलं आणि मोडलं होतं!

व्हॅलेरियनने मामाला अलगद खाली ठेवलं, त्याच्या डोक्याखाली आपली टोपी सारली. “बाबा, मी पीत नाय. पन या मामानं मला वाडवलाय. तुमची हां मिलावी म्हनून याला बांदावर टाकून आलो आसतो, तर उद्या तुमच्या पोरीला टाकाया मला काय वाटलं आसतं?”

मग डॉरिस पुढे झाली. “बाटली कोनाची व्हती ते सोडा. बूच तुमी काडलं, घोट सगल्यांनी घेतला. आता मोडायची तर गावाला काय सांगायचं? आनि पिलेल्या मामाला खांद्यावर घेऊन येनारा जावई मला वसईत मिलनार हाय?”

अल्फान्सोने दाढी खाजवली. “पन पोऱ्याच्या बाजूनं शबूद कोन देनार? रीत हाय. शुद्धीत आसलेला वडीलधारा पायजे.”

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. वॉल्टरमामा सोडून.

“मी देतो,” मी म्हटलं. माझ्याच तोंडून ते निघालं! “मुलगा चांगला आहे. दुधाचं माहीत नाही, पण चांगला आहे!”

पुन्हा घुमटावर थाप पडली. मी सुटलो म्हणून घाम पुसतो आहे, तोच अल्फान्सो आतून एक बाटली घेऊन आला. स्वतःच्या थोरल्या भावाच्या लग्नापासून पुरून ठेवलेली मोहाची दारू! रीतीचा दुसरा भाग असा, की शब्द देणाऱ्याने मुलीकडचा भरला पेला एका दमात रिकामा करायचा. तेव्हाच शब्द पुरा!

“अहो, माझी शपथ आहे! चाळीस माणसांसमोर घेतलेली!”

“मंग शबूद अर्धाच ऱ्हायला,” अल्फान्सो खिन्नपणे म्हणाला.

फेलिशिया आता दारातच उभी होती. हात जोडून नुसती बघत राहिली. चाळीस माणसांनी एका बाजूने आणि त्या दोन डोळ्यांनी दुसऱ्या बाजूने मला ओढलं. चाळीस जण हरले. मी डोळे मिटले आणि पेला तोंडाला लावला!

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. मी घुमट वाजवला. अल्फान्सोला मी परशुरामपंत म्हणून मिठी मारली. ताडावर चढायला निघालो तेव्हा म्हणे पाच जणांनी कोट धरून मला खाली ओढलं. गावकरी मात्र सगळे आपलं घोटभर सरबत पिऊन, हसून हसून पोट धरत बसले होते. ऊन असतानाच व्हॅलेरियनने बैलगाडीत आम्हा दोघांना शेजारी शेजारी निजवलं, मला आणि वॉल्टरमामांना, आणि टेंभी नाक्यावरून, सगळ्यांच्या देखत, मला घरी पोचवलं.

दुसऱ्या दिवशी डोक्याला ओली पट्टी बांधून मी कचेरीत बातमी नेऊन दिली. बातमीदार आहे मी, पाहिलं तेच लिहिणार! पंतांनी ती चष्मा सावरून मोठ्याने वाचली: “सबंध गाव फिरून पाहता गावचा एकही माणूस झिंगलेला आढळला नाही. दोन इसम आढळले, ते दोन्ही परगावचे पाहुणे होते. पैकी एक वॉल्टर नावाचा.”

पंतांनी लेखणी शाईत बुडवली. “विश्रामराव, बातमी अर्धवट आहे. दुसऱ्याचं नाव?”

“ते वेगळं लिहायला नको, पंत,” मी म्हटलं. “बातमीखाली तुम्ही छापताच ना, ‘आमच्या खास बातमीदाराकडून’ म्हणून?”